बाबांसाठी बोलणारा चष्मा घ्यावा का? (काठी सोडून सुचवा)

वळणवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ७१ वर्षांचे. काचबिंदू. कळलं तोपर्यंत बराच उशीर झाला होता, कारण त्यात दुखतखुपत काहीच नाही आणि आधी जाते ती कडेची नजर. आता समोरचं दिसतं पण नळीतून बघितल्यासारखं, बाजूचं आणि पायाखालचं गायब. मागच्या महिन्यात जिन्याची शेवटची पायरी चुकली, तीही घरच्याच, मनगट मोडलं. तेव्हापासून बाहेर जाणं बंद. म्हणजे खरं सांगायचं तर आम्हीच बंद केलंय.

मी रोज रात्री बसून शोधतेय. कॅमेरावाला चष्मा जो समोर काय आहे ते कानात सांगतो, थरथरणारा पट्टा, फोनची अ‍ॅप्स, काय काय आहे. कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? काय घेऊ? बाबा पांढरी काठी हातात धरायला अजिबात तयार नाहीत, तो विषय काढला की जेवत्या पानावरून उठतात, तेव्हा प्लीज काठी सोडून सुचवा.

सावलीतली
वाचतेय. सासूबाईंसाठी हवंच आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

टकटक
"काठी सोडून सुचवा" वाचून हसू आलं, राग मानू नका ताई. मी जन्मांध, गेली तीस वर्षं एकटा हिंडतो, आणि घरात असल्या वस्तूंचा एक अख्खा खण भरलाय. त्यातली चालू एकच. तीही चार्ज करायची राहिलीय.

चष्म्याचं काम कसं चालतं बघा. कॅमेरा चित्र घेतो, ते ओळखलं जातं, मग वाक्य जुळवलं जातं, मग ते वाचलं जातं. "तुमच्या समोर एक सायकल उभी..." एवढं होईतो तुम्ही सायकलसकट आडवे. पाटी वाचायला, पत्र वाचायला, खोलीत कोण बसलंय ते कळायला चष्मा झकास आहे, मी नावं ठेवत नाही. पण पुढचं पाऊल कुठे टाकू हे त्याला विचारायचं नसतं. काठी ते आधी सांगते आणि शब्दांत नाही, हातात सांगते. फरशी संपून माती लागली, जाळी आली, पायरीची कड आली, सगळं मनगटात कळतं. बॅटरी नाही, नेट नाही, अपडेट नाही.

चक्रमादित्य
टकटकराव, पहिल्याच प्रतिसादात धाग्याचा कंस मोडलात. अभिनंदन.

सोल्डरगन
नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट नेमका हाच आहे! आम्ही अल्ट्रासॉनिक (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीनं अंतर मोजणारा) सेन्सर लावलेली टोपी बनवतोय. ४ मीटरपर्यंतचा अडथळा कळतो, जसजसं जवळ जाल तसतसा बीप वाढतो. डोळ्यांवर पट्टी बांधून आम्ही स्वतः कॉरिडॉरमध्ये टेस्ट केलंय, भारी चालतं. काकांना ट्रायलला द्यायला आवडेल.

टकटक
@सोल्डरगन, एक भाबडा प्रश्न. पट्टी बांधली तुम्ही, टोपी घातली तुम्ही, मार्क देणार सर. यात अंध माणूस नक्की कितव्या अंकात येतो?

सोल्डरगन
सर, ते नेक्स्ट फेजमध्ये आहे...

चक्रमादित्य
ही नेक्स्ट फेज मी कॉलेजात होतो तेव्हापासून येतेय.

कोपरधरा
मी ओरिएंटेशन अँड मोबिलिटी शिकवते, आम्ही ओ अँड एम म्हणतो. म्हणजे अंध आणि अल्पदृष्टी माणसांना एकट्यानं चालायला, ठिकाण ओळखायला, रस्ता ओलांडायला शिकवणं. पोराला फार झोडू नका, प्रश्न तरी विचारतोय. पण पट्टी बांधण्याबद्दल बोलायलाच हवं. पट्टी बांधून तुम्हाला कळतं ते पहिल्या दिवसाचं आंधळेपण. घाबरगुंडी. हात पुढे करून चाचपडणं. त्यावरून तुम्ही जे यंत्र बनवता ते त्या घाबरलेल्या माणसासाठी असतं, आणि तो माणूस दोन महिन्यांनी तसा राहिलेला नसतो, त्याला कुणी शिकवलं तर. रोज एकट्यानं ऑफिसला जाणाऱ्या अंध बाईला भिंत आल्याचा बीप नकोय. भिंत तिला बीपच्या आधी कळते, आणि भिंत तर तिला हवीच असते, तिच्याच कडेनं ती चालत असते. याला आम्ही शोरलाइन म्हणतो.

वळणवाट ताई, बाबांचं चालणं बघितल्याशिवाय कुठलंही यंत्र सुचवणार नाही. पण दोन गोष्टी आत्ताच सांगते. नळीदृष्टी असलेल्यांना काठीचा उपयोग पूर्ण अंधांइतकाच होतो, कधी जास्त. कारण नजर वर मोकळी राहते. आत्ता बाबा सतत खाली बघून चालत असणार, बरोबर? म्हणजे जी थोडी नजर शिल्लक आहे ती सगळी पायापाशी खर्च होतेय.

वळणवाट
@कोपरधरा, अगदी बरोबर, मान खाली घालूनच चालतात. आम्हाला वाटायचं मनातून खचलेत म्हणून.

अर्धाउजेड
आता लिहायलाच हवं. मला आरपी (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, दृष्टिपटलाचा आजार) आहे, तुमच्या बाबांसारखीच नळी, फक्त मी ३८ चा. काठी तीन वर्षं बॅगेत घडी करून फिरवली, बाहेर काढली नाही. ज्यांनी वापरली नाही त्यांना सांगतो, घडीच्या काठीच्या कांड्यांतून इलॅस्टिक गेलेलं असतं, सोडली की खट खट खट खट अशी आपोआप जुळते. तो आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जातोय असं मला वाटायचं. म्हणून नाही काढायचो. दरम्यान दोन दात, एक गुडघा, आणि एकदा एका चिमुरडीला धडक बसली, ती पडली, तिची आई मला नको नको ते बोलली. बाई चुकीचं नव्हती बोलत, तिच्या हिशेबानं मी चांगला बघत येणारा माणूस होतो. दुसऱ्या दिवशी काढली काठी.

काढल्यावर नवीनच तऱ्हा. बसमध्ये काठी मांडीवर ठेवून फोन वाचत होतो तर मागचा म्हणाला, बघा ढोंगी. लोकांच्या डोक्यात दोनच खाती, दिसतं किंवा दिसत नाही. मधला भला मोठा पट्टा कुणाला ठाऊकच नाही. बाबा काठीला का घाबरतात हे मला विचाराल तर त्यांना खड्ड्याची भीती नाहीये, ही भीती आहे.

सावलीतली
+१०० अर्धाउजेड. दात वाचून कसंसंच झालं.

नकाशेकर
फोनच्या अ‍ॅप्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच नकाशांचं. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग तो आकडा कितीही वाढतो. ५ मीटर म्हणजे फूटपाथ की रस्त्याचा मध्य, एवढा फरक. त्यामुळे "तुम्ही पोहोचलात" हे दोन शब्दांचं सुख डोळसांसाठी. अंध माणूस तिथून पुढे दार शोधतो. शेवटचे दहा मीटर हाच सगळ्यात अवघड भाग, आणि नेमका तिथेच नकाशा हात झटकतो.

त्यातल्या त्यात मला आवडलेली कल्पना मायक्रोसॉफ्टच्या साउंडस्केपची. २०१८ मध्ये आलं. ते डावीकडे वळा उजवीकडे वळा असं म्हणतच नव्हतं. जिथे जायचंय त्या दिशेनं कानात एक आवाज यायचा, तुम्ही मान फिरवली की आवाज तिथेच राहायचा, जणू लांब कुणी टाळ्या वाजवतंय. कसं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं ते अ‍ॅप स्टोअरवरून काढलं आणि पुढे बंद केलं, कोड मात्र सगळ्यांसाठी खुला केला आणि त्यावरून इतरांनी पुढे अ‍ॅप्स काढली.

टकटक
साउंडस्केप गेलं तेव्हा माझा आठवडा वाईट गेला होता, खरं सांगतो. या धंद्यातली मोठी गोम हीच आहे. एखाद्या वस्तूवर आपण आपला रोजचा रस्ता बेततो आणि एक दिवस ईमेल येतो की आम्ही हे थांबवत आहोत, तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

बिनचष्मा
हे सगळं एआय दोन वर्षांत सोडवेल हो. आत्ताच फोन समोर धरला की अख्ख्या खोलीचं वर्णन करतो. काठ्या वगैरे संग्रहालयात जातील.

टकटक
@बिनचष्मा, तुम्ही रस्ता ओलांडताना डोळे मिटून फोनला विचारून दाखवा, मग बोलू. फोटो काढून वर्णन सांगणारी अ‍ॅप्स मी दिवसातून दहादा वापरतो. बी माय आइज २०१५ पासून आहे, त्यात आधी डोळस स्वयंसेवक व्हिडिओवरून सांगायचे, अजूनही सांगतात, २०२३ पासून एआयही आलं. शर्टाचा रंग, यंत्राचं बटण, लिफ्टपाशी कुठली पाटी लावलीय, सगळं विचारतो. पण ते लोक स्वतःच बजावतात की रस्ता ओलांडायला एआयवर विसंबू नका. कारण ते चुकतं तेव्हा अडखळत नाही, ठामपणे चुकतं. परवा मला ऐटीत सांगितलं की समोर दार आहे आणि ते उघडं आहे. होतं खरं. दाराचं पोस्टर.

चक्रमादित्य
=)) =)) पोस्टरला नाक लावून आलात की काय?

टकटक
काठी लावून आलो. नाक वाचलं. म्हणूनच तर.

सोल्डरगन
एक टेक्निकल शंका. नवीन महागड्या फोन्समध्ये लायडार (प्रकाशानं अंतर मोजणारा सेन्सर) असतो, आयफोन १२ प्रो पासून, म्हणजे २०२० पासून. तो माणसं किती अंतरावर आहेत ते सांगतो, २०२२ पासून दारही ओळखतो. मग आमच्या अल्ट्रासॉनिकचं काय राहिलं?

नकाशेकर
राहिलं ना, काच! लायडार म्हणजे प्रकाश, तो स्वच्छ काचेतून सरळ आरपार जातो. ध्वनी काचेवर आपटून परत येतो. काचेच्या दारापुढे तुमचा स्वस्तातला सेन्सर त्या फोनला भारी पडेल. उलट तिरक्या गुळगुळीत पृष्ठभागावरून ध्वनी भलतीकडेच निघून जातो, आणि जाड लोकरीचा कोट घातलेला माणूस त्याला नीट कळत नाही.

बाकी हिशेब सोपा आहे, ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, ३ मीटरवरच्या खांबावरून जाऊन यायला त्याला १७-१८ मिलिसेकंद लागतात. यंत्र झटपट असतं. तो बीप ऐकून अर्थ लावणारा माणूस मध्ये असतो, वेळ त्याला लागतो.

कोपरधरा
आणि बीप तर नकोच! कान हे अंध माणसाचं मुख्य साधन, त्यातच बोळा कोंबायचा? गाड्या कुठून येतात, चौक कुठे उघडला, भिंत कुठे संपली हे सगळं कानावर. म्हणून थरथर हातात द्या. ऐकायचंच असेल तर कानशिलाच्या हाडावरून ऐकवणारे हेडफोन घ्या, त्यात कान उघडे राहतात.

@सोल्डरगन, तुला खरं काम हवं असेल तर हे घे. काठी कमरेखालचं जग सांगते. कमरेच्या वरचं सांगत नाही. झुकलेली फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागे आलेला फाळका. ट्रकच्या खालून काठी आरामात निघून जाते आणि फाळका लागतो तोंडाला. आयआयटी दिल्लीच्या स्मार्टकेननं नेमकी हीच गोष्ट पकडली. साध्या काठीवर बसणारी मूठ, गुडघ्याच्या वरचा अडथळा ३ मीटरपर्यंत ओळखते आणि मुठीत थरथरते. काठी हातातून काढून घेतली नाही, तिला फक्त एक जास्तीचा हात दिला.

खडीसिमेंट
अवांतर. स्थापत्यवाला आहे, एक कबुली द्यायचीय. फूटपाथवरच्या त्या पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या आम्ही वर्षानुवर्षं बसवल्या, अर्थ माहीत नसताना. लांबट पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका. सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसानं १९६५ मध्ये शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसल्या. एका कामावर मी ठिपके कमी पडले म्हणून शेवटी पट्ट्याच लावल्या होत्या, थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. म्हणजे काय लिहिलं मी तिथे? चला, चला, चला, गाडीखाली चला. एक अंध गृहस्थ काठीनं चाचपत आले, थांबले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं वाक्य पूर्णविरामाशिवाय संपलंय." त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी उखडून पुन्हा लावल्या.

टकटक
खडीसिमेंट, तुम्हाला शंभर गुन्हे माफ. निदान उखडल्यात तरी. आमच्याकडे त्या पट्ट्या थेट खांबात घुसतात, किंवा वर मोटारसायकली उभ्या असतात.

अर्धाउजेड
आणि ते पिवळेच ठेवा हो. हल्ली "डिझाइनमध्ये बसत नाही" म्हणून करड्या फरशीत करड्याच लावतात. आमच्यासारख्या थोडं दिसणाऱ्यांना तो पिवळा रंग लांबून दोरीसारखा दिसतो. पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी हीसुद्धा असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीच आहे, फक्त तिचं लाँचिंग होत नाही. वळणवाट, तुमच्या त्या शेवटच्या पायरीला आजच पट्टी मारा, चष्मा नंतर.

सावलीतली
इलेक्ट्रिक गाड्यांचं काय करता तुम्ही लोक? मला दिसतं तरी दचकते, अंगावर येईतो आवाजच नाही.

टकटक
तोच तर सध्याचा मोठा त्रास. हळू चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीनं मुद्दाम आवाज करावा असा नियम युरोपात झालाय, जुलै २०२१ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना लागू, ताशी २० किमीपर्यंत. त्यापुढे टायरचाच आवाज येतो. इथे मात्र आम्ही आणि आमचं नशीब. पावसात तर सगळाच गोंधळ, छत्रीवर थेंब वाजतात आणि चौक ऐकूच येत नाही. पाऊस म्हणजे आमचं धुकं.

सोल्डरगन
टकटक सर, तुमचं नाव काठीवरून का?

टकटक
अर्धं काठीवरून, अर्धं जिभेवरून. जीभ टाळूला लावून टक् करतो आणि परत काय येतं ते ऐकतो. अमेरिकेतला डॅनियल किश हे अफाट करतो आणि शिकवतोही, मी त्यातला बालवाडी. पण गल्लीचं तोंड आलं की आवाज एकदम पोकळ होतो, उभी गाडी असेल तर आखूड आणि कडक, झुडूप असेल तर विस्कटल्यासारखा, एवढं कळतं. तुमच्या अल्ट्रासॉनिकचीच जुनी आवृत्ती. दुरुस्तीला दंतवैद्य.

वळणवाट
इतके प्रतिसाद, सगळे दोनदा वाचले. एक विचारायचं राहिलं. बाबांच्या फोनवर मी लोकेशन शेअरिंग चालू केलंय, त्यांना न सांगता. निदान ते कुठे आहेत ते दिसेल. यात काही चुकीचं नाही ना?

कोपरधरा
न सांगता हे चुकीचं. सांगून केलंत आणि ते हो म्हणाले तर उत्तम. स्पष्ट बोलते, घरची माणसं माझ्याकडे यंत्र विचारायला येतात तेव्हा दहातल्या आठांना स्वतःची काळजी कमी करणारं यंत्र हवं असतं. त्यात वाईट काही नाही. पण ते बाबांचं यंत्र नव्हे, तुमचं.

बिनचष्मा
जरा जास्तच कडक बोललात. मुलगी आहे ती, जीव तुटतो. बाप रस्त्यात पडला तर कळायला नको? माझे काका घेरी येऊन पडले तेव्हा लोकेशनमुळेच दहा मिनिटांत सापडले होते.

अर्धाउजेड
दोघंही बरोबर आहात. माझ्या बायकोकडे माझं लोकेशन आहे, माझ्याकडे तिचं. एकतर्फी असतं तेव्हा पट्टा बांधल्यासारखं वाटतं.

चक्रमादित्य
तिचं लोकेशन तुमच्याकडे आहे हे तिला माहीत आहे का? ;)

अर्धाउजेड
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

वळणवाट
धागा वर आणतेय, पाच आठवड्यांनी. चष्मा घेतलेला नाही (अजून).

पायरीला पिवळी पट्टी मारली. लोकेशनचं बाबांना सांगितलं, चिडले, मग माझा फोन मागून माझं लोकेशन स्वतःच्या फोनवर घेतलं. अर्धाउजेड यांचा प्रतिसाद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. दातांपाशी काही बोलले नाहीत. त्या मुलीचं आलं तिथे म्हणाले, परत वाच.

मग ओ अँड एमच्या बाई घरी आल्या. पहिल्या दिवशी काठीला हातही लावायला दिला नाही, माझं कोपर धरून बाबांना चालवलं. मी आजवर त्यांचा दंड पकडून पुढे ढकलत होते, उलटं असतं म्हणे, त्यांनी आपलं कोपर धरायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढे. तेवढ्यानंच बाबांची मान वर आली. काठी तिसऱ्या आठवड्यात. डावं पाऊल पुढे तेव्हा काठी उजवीकडे, उजवं तेव्हा डावीकडे. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी बसवली हे बाईंनी सांगितल्यावर बाबा म्हणाले, मग कवायतच आहे की. त्यांना कवायत आवडते.

काल पहिल्यांदा एकटे कोपऱ्यापर्यंत गेले. मी वीस पावलं मागे, श्वास धरून, चवड्यांवर. कोपऱ्यावर थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "तुझी डावी चप्पल घासते. दुरुस्त करून घे."

सावलीतली
अगं!! डोळ्यात पाणी आलं.

टकटक
कान तयार व्हायला लागलेत बाबांचे. चप्पल दुरुस्त करू नका, त्यांना तुम्ही सापडायला हव्यात.

सोल्डरगन
काकांना सलाम. आमचं पण अपडेट देतो. एका अंध दादांना टोपी दिली, त्यांनी पाच मिनिटांत बझरची वायर उपटली आणि म्हणाले आता बरं आहे. टोपीचा नाद सोडला. सेन्सर काठीच्या मुठीवर घेतलाय, वरच्या दिशेनं तिरका, फक्त छाती ते डोकं. त्यांच्याच सांगण्यावरून थरथर एकाच प्रकारची ठेवलीय, आमचे सात प्रकार होते. सर म्हणतात फीचर्स कमी झाली, मार्क जातील.

चक्रमादित्य
सरांना पट्टी बांधा.

वळणवाट
:) आता खरा प्रश्न, मूळ विषयाला धरूनच. काठीचं टोक कसलं घ्यावं? आत्ता पेन्सिलीसारखं बारीक आहे, ते फरशीच्या फटीत अडकतं आणि मूठ पोटात बसते. बाई गोल फिरणारं सुचवतायत, बाबा म्हणतात त्यानं जमिनीचा आवाज नीट येत नाही.

टकटक
बाबांशी सहमत. पण पोट बाबांचं आहे. दोन्ही घ्या, आठ-आठ दिवस वापरून बघू द्या त्यांना, आणि गोल टोक असेल तर उचलून टेकवण्याऐवजी जमिनीवरून सरकवत न्यायचं, आवाज तेव्हा येतो. टोकं झिजतात, जास्तीची आणून ठेवा.